लेबर महाग झालं म्हणून घराचा रेट वाढला, हे कितपत खरं? माझा हिशोब

नमस्कार. तुमचा प्रश्न मी असा समजलो: चाकणजवळ १००० फुटांचं घर बांधायचंय, भावाने २०२२ ला शेजारच्याच गावात विथ मटेरियल, म्हणजे मालासकट, १७०० रुपये फुटाने बांधलं, आता तोच कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला २००० सांगतोय आणि कारण विचारलं की एकच उत्तर देतो, लेबर महाग झालंय आणि मिळतही नाही. हे खरं आहे का, घरात मजुरी नक्की किती जाते, आणि मटेरियल आपण आणून नुसतं लेबर काम दिलं तर पैसे वाचतील का.

मी २६ वर्षं याच लाईनमधे आहे, आधी १२ वर्षं दुसऱ्यांच्या साईटवर इंजिनिअर म्हणून आणि नंतर पुणे-सातारा पट्ट्यात स्वतःची बंगल्यांची कामं घेतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशोब माहितीये, जो पैसे देतो त्याचाही आणि जो घमेलं उचलतो त्याचाही.

लेबर महाग झालंय हे खरं आहे. पण ३०० रुपये लेबरमुळे वाढले हे खरं नाही. कसं ते सांगतो.

२००० रुपये फूट म्हणजे तुमचं घर २० लाखांचं. त्यात साधारण ४२० पोती सिमेंट लागेल, ३५० ने धरलं तर दीड लाखाच्या आत. स्टील ४ टन, ६० हजार टनाने २ लाख ४०. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, १८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), ५ हजाराने ९० हजार. खडी १३-१४ ब्रास, ती ४७ हजारांपर्यंत. वीट १४-१५ हजार नग, सव्वा ते दीड लाख. मग टाईल्स, दारं-खिडक्या, प्लंबिंग आणि सॅनिटरी, वायरिंग, रंग, ओट्याचा ग्रॅनाईट, वॉटरप्रूफिंग, रेलिंग हे सगळं मिळून सात लाखांच्या आसपास. म्हणजे मटेरियल साडेतेरा लाख. मजुरीमधे खोदाईपासून गिलाव्यापर्यंतचं सिव्हिल काम साडेतीन लाख, आणि टाईल्सवाला, प्लंबर, वायरमन, पेंटर यांची मिळून सव्वा लाख-एक तीस. एकूण मजुरी ४ लाख ८० हजार. राहिलेले दीड-पावणेदोन लाख कॉन्ट्रॅक्टरचे, त्यात त्याचा सुपरवायझर, सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं, भाडं, फेऱ्या, आणि शेवटी हातात राहील ते. हे दर माझ्या भागातले आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण बदलत नाही. शंभरातले २४ रुपये मजुरी.

आता २०२२ चं बघा. तेव्हा आमच्याकडे गवंडी ८०० ला होता, आज ११०० घेतो. बिगारी ५०० चा ६५० झाला. म्हणजे तीन वर्षांत ३० ते ३७ टक्के वाढ, ही कमी नाही, त्यात खोटं काही नाही. पण ४८० रुपये फुटाची मजुरी तेव्हा ३६० होती असं धरा, फरक आला १२० रुपये. तुमच्या ३०० मधले १२० लेबरचे. आणि स्टील तर उलट खाली आलंय, २०२२ च्या मार्च-एप्रिलमधे ते ७५ हजारांच्या वर गेलं होतं, शेवटी मे महिन्यात केंद्राने स्टीलच्या निर्यातीवर १५ टक्के ड्युटी लावली तेव्हा कुठे उतरलं. तुमच्या ४ टनात त्याचे फुटाला ६० रुपये वाचले. सिमेंटवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झाला. वीट, क्रश सँड, फिटिंग, डिझेल हे वाढलंय, मान्य. पण १२० च्या वरच्या रकमेचा हिशोब कॉन्ट्रॅक्टरने तुम्हाला मटेरियलवर दाखवला पाहिजे, लेबरच्या नावाखाली ढकलून चालणार नाही. शांतपणे समोर बसवा आणि दोन्ही घरांची स्पेसिफिकेशन एकाशेजारी एक ठेवा, माझा अंदाज असा की भावाच्या घरात सिरॅमिक टाईल आणि पत्र्याच्या खिडक्या असतील, तुमच्यात व्हिट्रिफाईड टाईल आणि थ्री ट्रॅकच्या सरकत्या खिडक्या असतील. खूपदा वाढ तिथेच सापडते आणि कॉन्ट्रॅक्टर बिचारा खरं सांगायचं सोडून लेबर म्हणून मोकळा होतो, कारण ते ऐकून कोणी वाद घालत नाही.

आता लेबर मिळत नाही यावर, कारण ही गोष्ट खरी आहे आणि समजून घेतली नाही तर काम अडकतं.

मी लाईनमधे आलो तेव्हा गवंडी म्हणजे नांदेड, लातूर, बीड, सोलापूरकडचा, नाहीतर कलबुर्गी-विजापूरचा. खोदाई आणि दगडकाम वडार समाजाकडे. आजही आहेत, पण माझ्याकडच्या मराठी गवंड्यांचं वय बघितलं तर पन्नाशीच्या पुढचेच जास्त. त्यांची पोरं या कामात आलेली नाहीत. चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर १५-१६ हजार मिळतात, डोक्यावर छप्पर असतं, पीएफ कापला जातो, नाहीतर गाडी घेऊन पार्सलं पोचवतात. उन्हात परांचीवर उभं राहून थापी मारण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटतं आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही. त्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरला बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती मार्चपर्यंत येत नाहीत, आणि नेमका तोच आपला बांधकामाचा सीझन.

ही जागा बाहेरच्यांनी भरली. सेंट्रिंग आणि स्टील बांधणारे बहुतेक बंगाल, झारखंड, बिहारचे. टाईल्स आणि मार्बल राजस्थान-यूपीवाले. प्लंबर विचारलात तर ओडिशाचा निघण्याची शक्यता खूप, केंद्रापाडा जिल्ह्यातून पिढ्यान्पिढ्या प्लंबर देशभर जातात. जड उचलाउचलीला छत्तीसगड आणि मध्य प्रदेश. का येतात ते आकड्यात दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या आकडेवारीत ग्रामीण भागातल्या बांधकाम मजुराची सरासरी रोजंदारी देशात ३९३ रुपये होती, मध्य प्रदेशात २७९ च्या आसपास, केरळमधे ८५२. म्हणजे जबलपूरकडच्या माणसाला पुण्यात ६५० मिळाले तर तो येणारच, आणि केरळमधला कोणी आपल्यापेक्षा जास्त पैसे देऊन बोलवत असेल तर तो इथून तिकडे जाणारही. आपण फक्त शेजारच्या बिल्डरशी स्पर्धा करत नाही, कोचीच्या कॉन्ट्रॅक्टरशीही करतो. २०२० च्या लॉकडाऊनमधे हे सगळ्यांनी बघितलं, १ मे पासून श्रमिक ट्रेन सुटल्या आणि पंधरा दिवसांत साईटवर वॉचमन सोडून माणूस उरला नाही. माझा एक स्लॅब सेंट्रिंग लावलेल्या अवस्थेत तसाच पावसाळाभर उभा होता. परत आलेल्यांनी त्यानंतर रेट वाढवून घेतले आणि बरोबर केलं, कारण त्या दिवसांत त्यांच्या पोटाचं कोणी बघितलं नव्हतं.

काहीजण म्हणतात फुकट रेशन आणि लाडकी बहीणमुळे लोक काम करत नाहीत. मला हे पटत नाही. १५०० रुपये महिन्याला म्हणजे बाई बिगारीचे तीन दिवसांचे पैसे. तीन दिवसांच्या पैशावर कोणी महिना घरी बसत नाही. झालं असेल तर इतकंच, की ताप अंगात असताना पूर्वी यायची ती आता दोन दिवस घरी राहते. तसंच रोजगार हमीचं. २०२५-२६ ला महाराष्ट्रात रोहयोचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, इकडच्या निम्म्याहून कमी. त्यासाठी कोणी पुणं सोडत नाही. पण १९७२ च्या दुष्काळात ज्या कामांतून ही योजना उभी राहिली ती कामं गावात असती तर काहीजण गावात थांबले असते, हे मात्र खरं, घरदार सोडून यायची हौस कोणाला नसते.

आता ११०० रुपये ऐकून तुम्हाला वाटत असेल की गवंडी महिन्याला ३३ हजार कमावतो. नाही. मजुरांच्या नाक्यावर एकदा सकाळी सातला जाऊन बघा, थेरगावला डांगे चौकात किंवा वारज्याला. दोनशे-तीनशे माणसं डबा आणि थापी घेऊन उभी असतात, गाडी थांबली की सगळी धावतात, दहा वाजता त्यातली निम्मी परत घरी निघालेली असतात. नाक्यावरच्या माणसाला महिन्यात १२ ते १५ दिवस काम लागतं. टोळीत असलेल्याला २० दिवस. त्यात पावसाळ्याचे दोन महिने बाहेरची कामं बंद, एक महिना गावी. नऊ महिने धरले तर चांगल्या गवंड्याचे वर्षाला दोन लाखांच्या आत, बिगाऱ्याचे १ लाख १५-२० हजार. त्यातून पत्र्याच्या खोलीचं भाडं साडेतीन हजार, सुट्टीचा पगार नाही, दवाखाना स्वतःचा, आणि पंचावन्नव्या वर्षी गुडघे गेले की काम संपलं. रोज मोठा दिसतो कारण त्याच रोजात रिकामे दिवसही भरून काढायचे असतात.

आणि तुम्ही दिलेला सगळा रोज त्याच्या हातात जातो असंही नाही. मोठ्या साईटवर बिल्डर, त्याखाली मेन कॉन्ट्रॅक्टर, त्याखाली सब, त्याखाली मुकादम आणि मग कामगार. मुकादम गावात जाऊन उचल देतो, दहा-वीस हजार, लग्नाला किंवा आजारपणाला, आणि माणूस त्या उचलीच्या बदल्यात सीझनभर बांधला जातो. मी इंजिनिअर असताना एका मोठ्या साईटवर मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, बिगाऱ्याचा रोज ३०० लिहिलेला असायचा आणि खर्चीच्या, म्हणजे आठवड्याचे पैसे वाटायच्या, दिवशी विचारलं तर माणसं २२० सांगायची. मधले ८० कुठे जातात हे सगळ्यांना माहीत होतं, मीही सह्या केल्यात त्या मस्टरवर, नोकरी होती. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. त्यामुळे माझ्या साईटवर मी खर्ची मुकादमाच्या हातात देतो पण सगळ्या टोळीसमोर, आणि माणशी किती ते मोठ्याने सांगून देतो. तुम्हीही तेच करा, मुकादम चांगला असेल तर त्याला राग येत नाही.

बायकांचं वेगळं सांगतो. घमेलं तेच, जिना तोच, वाळू तीच, आणि पुरुष बिगाऱ्याला ६५० तर बाईला ४५०. समान वेतनाचा कायदा १९७६ लाच आला. मी स्वतः मोजून बघितलंय, वीट वाहून देण्याच्या कामात दिवसअखेर बाईची वीट कमी नसते, बऱ्याचदा जास्त असते, कारण ती तंबाखू मळायला थांबत नाही. तुमच्या १००० फुटांच्या घरात बायकांचे फार तर १०० रोज लागतील, २०० रुपयांचा फरक भरून काढला तर २० हजार रुपये. २० लाखांत एक टक्का. हे तुम्ही करारात लिहून घेऊ शकता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो. मजुरीचा रेट म्हणजे मजुरीचा खर्च नाही. माणसाला दिवसाला किती दिले याने घर महाग किंवा स्वस्त होत नाही, त्या दिवसात किती आणि कसं काम उभं राहिलं याने होतं. एकच उदाहरण देतो, वीटकामाचं.

तुमच्या घराला १४ हजार विटा धरा. चांगला गवंडी हाताखाली बिगारी असला की दिवसाला ५५० विटा लावतो. म्हणजे २५-२६ रोज. समजा तुम्हाला ११०० ऐवजी ९०० चा गवंडी मिळाला, तर वाचले पाच हजार, आनंद झाला. पण हा ९०० वाला प्रत्येक थराला ओळंबा लावत नाही, चार थर झाले की डोळ्याने बघतो आणि पुढे जातो. भिंत चढत चढत वर अर्धा इंच बाहेर येते, शेजारची आत जाते. ते तेव्हा दिसत नाही. दिसतं ते गिलाव्याच्या दिवशी, पाटा मारला की एका कोपऱ्यात १२ एमएम आणि दुसऱ्या कोपऱ्यात ३० एमएम. घरात साडेतीन हजार फूट गिलावा असतो, सरासरी जाडी १० एमएमने वाढली तर ११५ घनफूट माल जास्त, कोरड्यात दीडशे. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू धरून २४ पोती सिमेंट आणि सव्वा ब्रास क्रश सँड, म्हणजे साडेचौदा हजार रुपये नुसत्या मटेरियलचे, शिवाय जाड गिलावा दोन हातात करावा लागतो त्याची मजुरी वेगळी, आणि पुढे तो भेगाळतो ते वेगळंच. पाच हजार वाचवले आणि पंधरा हजार भिंतीत घातले. आणि हे पंधरा हजार कुठल्याच बिलावर दिसत नाहीत, म्हणून लोकांना कळत नाहीत, सिमेंट जास्त का लागलं एवढंच विचारतात.

माझ्याकडे नांदेडकडचे एक गवंडी आहेत, मामा म्हणतो आम्ही त्यांना, वय ५८. ते आजही पहिला थर कोरडा मांडून बघतात, काटकोन तीन-चार-पाचने दोरी लावून तपासतात आणि मगच पाणी मागतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एक वीट लागलेली नसते, मालक येऊन तोंड वाकडं करतो की अर्धा रोज गेला. त्यांच्या भिंतीवर मी १२ एमएमच्या वर गिलावा कधी दिला नाही. त्यांना मी १३०० देतो आणि ते मला स्वस्त पडतात.

यावरून तुमचा शेवटचा प्रश्न, मटेरियल आपलं आणि काम लेबर रेटने द्यायचं का. कागदावर फायदा आहे. स्वतःच्या एकट्या घराचं नुसतं लेबरचं काम असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, विथ मटेरियल कराराचं पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के लागतो. कॉन्ट्रॅक्टरच्या दीड-पावणेदोन लाखातलेही काही वाचतील. पण मग मटेरियल वेळेवर आणणं तुमच्याकडे आलं. टोळीत ४ गवंडी आणि ६ बिगारी असतील तर त्यांचा एक दिवस ८३०० रुपयांचा आहे. तुम्ही कंपनीत ड्युटीवर, इकडे खडी संपली, डंपरवाला उद्या येतो म्हणाला. अंगावर, म्हणजे ठोक रकमेत, घेतलेलं काम असल्यामुळे तो दिवस मुकादमाच्या खिशातून जातो, तुम्हाला वाटतं आपलं काय गेलं. दुसऱ्या वेळी असं झालं की तो टोळी उचलून दुसऱ्या साईटवर नेतो आणि मग फोन उचलत नाही, आठ दिवस, पंधरा दिवस. लेबर पळून गेलं म्हणून जे ऐकता ना, त्यातल्या निम्म्या गोष्टींत मी खोलात गेलो तर आधी मटेरियल नव्हतं किंवा पैसे थकले होते. वाळूचं तर फारच, धोरणंच सारखी बदलतात, २०२३ ला सरकारने डेपोवरून ६०० रुपये ब्रासने द्यायचं ठरवलं, २०२५ ला ते मोडून पुन्हा लिलावावर गेलं, त्यामुळे नदीच्या वाळूच्या मागे लागूच नका, धुतलेली क्रश सँड घ्या आणि चार ब्रास कायम साईटवर शिल्लक ठेवा. घरातलं कोणी रोज सकाळ-संध्याकाळ साईटवर जाऊ शकत असेल तरच लेबर रेटने द्या, नाहीतर विथ मटेरियलच बरं.

लेबर रेटने दिलंत तर पैशाचे टप्पे कामावर बांधा, महिन्यावर नको. जोत्यापर्यंत साधारण २५ टक्के, स्लॅब पडला की ३०, वीटकामाला १५, गिलाव्याला २०, आणि १० टक्के सगळं साफ करून झाल्यावर. दर आठवड्याची खर्ची त्या-त्या टप्प्यातून वजा. खर्ची बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या, बाजार उरकल्यावर दिलेली खर्ची त्यांच्या उपयोगाची नसते. आणि अंगावर दिलेल्या कामाचा धोका ओळखून ठेवा, अंगावर काम घेतलेल्या माणसाला लवकर संपवायचं असतं, ते नैसर्गिक आहे, पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते स्लॅबच्या दिवशी.

स्लॅबला सकाळी सातला मिक्सर-लिफ्टची टोळी येते, २५-३० माणसं. तुमचा स्लॅब-बीम मिळून १७ घनमीटरच्या आसपास, १३५-१४० पोती सिमेंट दिवसभरात जाणार. टोळीचा रेट ठोक असतो, चारला संपलं काय आणि आठला संपलं काय. काँक्रीट पातळ असलं की लिफ्टमधून भसाभस सुटतं, फावड्याने ओढायला सोपं जातं, म्हणून दहा-अकराच्या पुढे ऊन चढलं की मिक्सरवरचा पोरगा पाण्याची बादली वाढवायला लागतो. पोत्याला २७-२८ लिटरच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. त्या पोराशेजारी दिवसभर एक घरचा माणूस खुर्ची टाकून बसवा, दुसरं काही करायचं नाही, बादल्या मोजायच्या. व्हायब्रेटर, म्हणजे काँक्रीटमधली हवा काढून ते दाबून बसवणारं मशीन, चालवणाऱ्याला मी टोळीच्या रेटवर ठेवत नाही, त्याला वेगळा ८०० चा रोज देतो, कारण ठोकवाला व्हायब्रेटर टेकवतो आणि उचलतो. ते ८०० रुपये २० लाखांच्या घरातले सगळ्यात कामाचे पैसे आहेत असं माझं मत आहे.

दोन खर्च सगळे विसरतात. एक, सेस. बांधकाम परवानगीच्या वेळी बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर घेतला जायचा, १९९६ च्या कायद्याने, स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तरच सूट होती; नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाखांची आहे, म्हणून भरण्याआधी परवानगीच्या ऑफिसात विचारून घ्या. तो पैसा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि त्यातून मुलांच्या शाळेला, बाळंतपणाला, अपघाताला मदत मिळते. पण नोंदणी असेल तरच. त्यासाठी १८ ते ६० वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखलाच कोणी देत नाही, आणि दाखला नसला की एजंट लोक खोट्या नावांच्या नोंदण्या करतात आणि खरा गवंडी बाहेर राहतो. तुमच्या घरावर तीच टोळी पाच-सहा महिने असेल, हजेरीची एक साधी वही ठेवा आणि काम संपताना प्रत्येकाला किती दिवस भरले त्याचा कागद सही करून द्या. जो कॉन्ट्रॅक्टर आहे त्याच्याकडूनही घ्या. उपकराचे पैसे मंडळाकडे आहेतच, ते या माणसांपर्यंत पोचायचा रस्ता तुमच्या सहीतून जातो.

दुसरा, विमा. २०११ ला मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे नोकरीला होतो, तिथे बांबूची परांची जुन्या काथ्याने बांधलेली होती, मागच्या साईटवरचा काथ्या, पावसात भिजलेला. तिसऱ्या दिवशी गिलावा करताना सुटली. खाली माल देणारी बाई होती, तिच्या अंगावर दोन माणसं आणि फळी आली, खुब्याचं हाड मोडलं. विमा नव्हता. कॉन्ट्रॅक्टरने दहा हजार दिले, मुकादमाने पाच, आणि तिला एसटीत बसवून गावी पाठवलं. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो होतो, तिचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा, तो पिशवी धरून होता. नवीन काथ्या तेव्हा तीन-चारशे रुपयांचा आला असता. एका घराच्या कामापुरती वर्कमेन कॉम्पेन्सेशनची पॉलिसी काही हजारांत मिळते, करारात ती कॉन्ट्रॅक्टरच्या नावे सक्तीची करा आणि काम सुरू व्हायच्या आधी तिची कॉपी हातात घ्या. परांचीला बांबू असेल तर काथ्या नवा, आणि पहिल्या मजल्याच्या वर काम गेलं की बेल्ट. २० लाखांत हे सगळं मिळून अर्धा टक्का होत नाही.

आता २००० वर काय करायचं. मी तुमच्या जागी असतो तर लेबरचे ४८० त्याला पूर्ण देईन, त्यात एक रुपया घासाघीस करणार नाही, आणि वाटाघाटी करायच्या त्या टाईल्स, खिडक्या, सॅनिटरी आणि त्याच्या मार्जिनवर करेन. १९००-१९५० ला बसायला हरकत नाही. १७०० ला कोणी तयार झालाच तर तो मजुरीत नाहीतर सिमेंटमधे काढणार, दुसरीकडून काढायला जागा नाही. वीट सोडून सिपोरेक्सचे, म्हणजे वजनाला हलके आणि आकाराने मोठे, ब्लॉक घेतलेत तर वीटकामाचे रोज बरेच कमी होतात, एक ब्लॉक आठ-दहा विटांची जागा घेतो, पण चिकटवायचा माल आणि हात सवयीचा पाहिजे, सवय नसलेल्या टोळीला देऊ नका.

आणि सुरुवात दिवाळीनंतर लगेच करा. छटपूजेला गेलेली बिहार-झारखंडची सेंट्रिंगवाली माणसं नोव्हेंबरच्या मधे-शेवटी परत येतात, तोपर्यंत तुमची खोदाई, फुटिंग आणि जोतं लोकल टोळीकडून होऊन जाईल. स्लॅब कसंही करून होळीच्या आठ दिवस आधी पडला पाहिजे, कारण होळीला गेलेली टोळी गव्हाची कापणी आणि लग्नं उरकून यायला एप्रिल संपतो, आणि मेमधे गिलावा केलात तर पाणी मारायला टँकर विकत घ्यावा लागेल. तारीख आत्ताच मुकादमाशी बोलून ठेवा, उचल मागितली तर थोडी द्या पण वहीत लिहून, त्याची सही घेऊन.